कीर्तिमुख

भारतीय मंदिरशिल्पात धडाशिवाय, केवळ मुखरूपाने कोरलेल्या राक्षसी आकृतीस कीर्तिमुख म्हणतात. ग्रासमुख व सिंहमुख ही तिची अन्य नावे होत. खोबणीतून बाहेर आलेले वाटोळे डोळे, त्यांवर वळणदार भुवया आणि शिंगे, फुगलेले गाल, रुंद नाकपुड्या व वरच्या दातांची रांग ही तिची ओळख. खालचा जबडा पुष्कळदा दाखवलेलाच नसतो.

या रूपाची कथा स्कंदपुराणात येते. जालंधर दैत्याने राहूला शंकराकडे धाडून पार्वतीची मागणी केली, तेव्हा संतापलेल्या शंकराच्या भ्रूमध्यातून सिंहमुखी, हाडकुळा आणि सदैव भुकेला असा एक पुरुष निर्माण झाला व राहूवर धावून गेला. राहू शरण आल्यावर शंकराने त्याला अभय दिले. पण उत्पन्न झालेली भूक शमेना, म्हणून त्या पुरुषाने शंकराच्याच आज्ञेने आपले हातपाय आणि धड खाऊन टाकले. उरले ते फक्त मुख. त्याला शंकराने कीर्तिमुख हे नाव दिले, आपल्या द्वारी कायमचे स्थान दिले आणि जो त्याची पूजा प्रथम करणार नाही त्याची पूजा आपणास पोहोचणार नाही, असे सांगितले.

महिषासुर किंवा अंधकासुर यांच्या शिल्पांत दुष्ट शक्ती देवतेच्या पायाखाली किंवा शस्त्राच्या टोकावर दिसते. कीर्तिमुखाच्या बाबतीत मात्र तिचा वध होत नाही. तिची भूक तशीच ठेवून तिला राखणीला बसवले जाते. भयाकडे पाहण्याची ही दृष्टी भारतीय कलेतील अत्यंत मोलाची कल्पना मानावी लागेल.

महाराष्ट्रातील यादव-शिलाहारकालीन मंदिरांत गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर, मधल्या अर्धवर्तुळाकार भागाच्या दोन्ही बाजूंस, कीर्तिमुखे आढळतात. भाविक उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडतात, हळदकुंकू वाहतात, हात लावून तो कपाळी नेतात. शतकानुशतकांच्या या स्पर्शाने अनेक ठिकाणी मुखांचे नाकडोळे झिजून गुळगुळीत झाले आहेत. खांबांवरील मुखांच्या तोंडांतून मोत्यांच्या माळा लोंबतात, तर जोत्यावर अशाच मुखांची सलग ओळ असते, तिला ग्रासपट्टी म्हणतात. देव्हाऱ्यातील पितळी व चांदीच्या प्रभावळींच्या शिरोभागीही हेच मुख असते.

भारताबाहेर जावा बेटावर ते ‘काल’ या नावाने प्रसिद्ध आहे. बोरोबुदुर येथील नवव्या शतकातील स्तूपाच्या जिन्यांवरील कमानींत माथ्यावर कालमुख आणि पायथ्याशी दोन मकर अशी रचना आहे. मध्य जावातील कालमुखांना बहुधा खालचा जबडा नाही. पुढे पूर्व जावातील मंदिरांत तो दिसू लागतो, आणि चेहऱ्याच्या दोन्ही अंगांस नखे उगारलेले पंजेही येतात.