गंगापूरच्या पाण्यावर फॉइल उडेल का?

नाशिकला पाण्यावरच्या खेळांचं वेड आजचं नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये तेरावा आला, तेव्हा दुष्काळी गावातला मुलगा वल्ही मारत तिथवर पोचला याचं साऱ्या जिल्ह्याला अप्रूप वाटलं होतं. आता कयाक आणि पॅडलबोर्डवर रमणारी मंडळी मोबाइलवर फॉइलिंगचे, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर बोर्ड उचलून पळवण्याचे, व्हिडिओ बघतात आणि विचारतात, हे आपणही शिकावं का? मला वाटतं, याचं उत्तर धाडसापेक्षा आपल्या वाट्याला येणाऱ्या पाण्यात आणि वाऱ्यात जास्त आहे.

पाणी कापत जाणारी कुठलीही होडी लाटा उठवते, आणि त्या लाटा उठवायची शक्ती वल्हवणाऱ्याच्याच अंगातून जाते. वेग वाढू लागला की हा खर्च झपाट्याने चढतो. शर्यतीची एकेरी नाव आठ मीटरहून लांब, अगदी अरुंद आणि जेमतेम 14 किलोची असते, ती याच कारणाने. फॉइलवाले मात्र बोर्डच पाण्याबाहेर काढतात. बोर्डाखाली 70 ते 90 सेंटिमीटरचा दांडा असतो आणि त्याच्या टोकाला, पाण्याच्या आत, विमानासारखे दोन पंख: पुढे मोठा, मागे छोटा. वेग आला की पुढचा पंख माणसासकट बोर्ड उचलतो आणि पाण्यात उरतात ते पंख नि दांडा.

इतका लहान पंख माणसाला उचलतो कसा? पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन आहे, आणि पंखाची उचल घनतेच्या प्रमाणात, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 80 किलोचा माणूस आणि 10 किलोचं सामान धरा. ताशी 14-15 किलोमीटर वेगाला त्यांना उचलायला साधारण 1,600 चौरस सेंटिमीटरचा पंख लागतो, म्हणजे 40 बाय 40 सेंटिमीटर इतकंच क्षेत्रफळ. वेग दुप्पट केला तर 400 पुरतात. म्हणून शर्यतीतले पंख बारीक असतात आणि शिकणाऱ्यांचे रुंद. बारीक पंख घेऊन सुरुवात करणाऱ्याला तो वेग गाठताच येत नाही, मग बोर्ड उठतच नाही.

कल्पना जुनीच आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनीने 1906 मध्ये मॅगिओरे सरोवरावर पंखांवर चालणारी बोट धावती केली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि केसी बाल्डविन यांच्या एचडी-4 या बोटीने 1919 मध्ये ताशी 114 किलोमीटरचा वेग गाठला. त्या बोटींचे पंख शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक होते. बोट वर उठली की वरचे पंख पाण्याबाहेर येत, उचल आपोआप घटे आणि बोट सावरे. आजच्या बोर्डाला ही सोय नाही. त्याचा पंख पूर्ण बुडालेला, त्यामुळे उंची राखायची ती पायांनी, वजन पुढे-मागे करून. जरा जास्त वर गेलात की पंख पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढून घेतो, उचल क्षणात जाते आणि माणूस पाण्यात. शिकण्यातला खरा कस इथे लागतो, ताकदीत नाही.

आता आपलं पाणी. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचं पाणी गोडं, समुद्रापेक्षा अडीच टक्के कमी घन, म्हणून उचलही तितकीच कमी; हा फरक जाणवतही नाही. समुद्रसपाटीपासून 600 मीटर उंचीवर हवा मात्र पाच-सहा टक्के विरळ असते, आणि वाऱ्यावर बोर्डाला वेग देणाऱ्या, हातात धरायच्या फुगवलेल्या पंखाला, म्हणजे विंगला, तेवढा जोर कमी मिळतो. विंग जराशी मोठी घेतली की तेही भरून निघतं. खरी अडचण वाऱ्याच्या वेळेची आहे. नवशिक्याला विंगवर उठायला ताशी 20 ते 25 किलोमीटरचा वारा हवा. आपली मंडळी पाण्यावर जातात सकाळी, आणि वारा जोर धरतो दुपारी, जमीन तापून वरची वेगवान हवा खाली मिसळू लागली की. त्यातही पश्चिमेचा वारा त्र्यंबक-अंजनेरीच्या डोंगरांवरून येताना तुटत, झोतांनी येतो. संक्रांतीला येवल्यात पतंग उडवणाऱ्यांना असला वारा सांगायला नको. जुलैत वारा भरपूर, पण विसर्ग सुरू असताना त्या पाण्यात उतरणं हा खेळ नव्हे.

उन्हाळ्यात पातळी उतरली की खडक वर येतात. दांडाच पाऊण मीटरच्या आसपास असल्याने दीड मीटरपेक्षा कमी खोलीत फॉइल नेऊ नये. गोदावरीत जलपर्णी असते तिथेही नको: एक वेल पंखाच्या कडेला अडकली तरी उचल बिघडते. नांदूरमध्यमेश्वर हे 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं; ते पक्ष्यांचंच राहू द्यावं. गंगापूर शहराच्या पिण्याचं पाणी आहे, तिथे परवानगीशिवाय काहीच करू नये.

म्हणून ज्यांच्याकडे रविवारच्या सकाळचे दोन तासच आहेत, त्यांनी कयाकच चालवावं, आनंद कमी नाही. ज्यांना दुपारी वेळ काढता येतो किंवा वर्षातून एकदा आठवडाभर वाऱ्याच्या किनाऱ्यावर जाता येतं, त्यांनी फॉइलिंग जरूर शिकावं. विजेवर चालणारा बोर्ड वाऱ्याची अट काढून टाकतो, पण त्याला काही लाख मोजावे लागतात.

शिकताना दोन गोष्टी सुट्या ठेवाव्यात. विंग धरायला साध्या पॅडलबोर्डवर शिकावं, तेवढ्याला गोडं पाणी आणि बेताचा वाराही चालतो. फॉइलची ओळख होडीमागे दोरीने, सावकाश ओढून घेत करावी, आणि पहिले काही दिवस बोर्ड मुद्दाम पाण्याला टेकवूनच ठेवावा. पंखांच्या कडा कापतात. हेल्मेट आणि जाड जॅकेट आधी घ्यावं, बोर्ड नंतर. पहिला पंख 1,500 ते 2,000 चौरस सेंटिमीटरचा असावा, वजन जास्त असेल तर त्यातला मोठा.