मे महिना, सायकल आणि ८८ टक्क्यांचा घोळ

मे महिना लागला की मुंबईतल्या सायकलवाल्यांत एक सल्ला हमखास ऐकू येतो. 'पहाटे कशाला जाता? मोबाइलवर बघा, पहाटे आर्द्रता ८८ टक्के, दुपारी ६४. दुपारी घाम लवकर वाळतो.' त्यावरून सकाळी कादंबरी आणि दुपारी सायकल असा सुट्टीचा बेत आखणारी मंडळीही आहेत. हा बेत उलटा करायला हवा. का, ते सांगायला मला मनापासून आवडतं.

आर्द्रतेचा टक्का हवेत किती बाष्प आहे ते सांगत नाही. त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढं बाष्प मावू शकतं, त्याचा कितवा हिस्सा भरलाय, एवढंच सांगतो. २७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम बाष्प मावतं, ३३ अंशांना सुमारे ३६. मुंबईच्या मे महिन्यातल्या हवेत प्रत्यक्षात असतं साधारण २३ ग्रॅम, आणि समुद्र शेजारीच असल्यामुळे पहाटे काय नि दुपारी काय, त्यात फारसा फरक पडत नाही. २३ भागिले २६ केलं की ८८ टक्के येतात, २३ भागिले ३६ केलं की ६४. बारा डब्यांच्या लोकलमधली माणसं पंधरा डब्यांच्या गाडीत बसवली की गर्दीचा टक्का उतरतो, पण माणूस एकही कमी झालेला नसतो.

घामाला या टक्क्याशी काही देणंघेणं नाही. ओल्या कातडीला अगदी चिकटून असलेली हवा कातडीच्याच तापमानाची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असते. कातडी ३५ अंशांवर धरली तर तिथे घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम बाष्प असतं. बाहेर २३. या १७ ग्रॅमच्या फरकावर घाम वाळण्याचा वेग ठरतो, आणि हा फरक पहाटे नि दुपारी जवळपास सारखाच. नागपूरला ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हवेत जेमतेम ९ ग्रॅम बाष्प असतं, म्हणजे फरक ३१. तिथला घाम दिसायच्या आत उडून जातो, आपला मात्र शर्ट पिळावा लागतो.

आता सायकल. स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोचवतात, उरलेली उष्णता होते. पेडलवर १०० वॅट लावले की अंगात ३०० ते ४०० वॅट उष्णता तयार होते. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल घेऊन जातो. हिशेब केला तर तासाला अर्धा लिटरहून थोडा अधिक घाम वाळायला हवा. नुसता येऊन उपयोग नाही. हनुवटीवरून टपकलेला थेंब शरीरातलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता जवळपास काहीच नेत नाही.

वाळण्याच्या आड येतो तो कातडीला बिलगलेला स्थिर हवेचा पातळ थर. बाष्पाला त्यातून हळूहळू झिरपत बाहेर पडावं लागतं. वारा हा थर पातळ करतो. ताशी १८ किलोमीटरने सायकल चालवली की सेकंदाला ५ मीटरचा वारा आपोआप मिळतो. म्हणूनच मरीन ड्राइव्हवर चालवताना बरं वाटतं आणि सिग्नलला थांबलं की डोळ्यांत घाम उतरतो. स्नायूंची उष्णता लगेच ओसरत नाही, घामही थांबत नाही, फक्त थर पुन्हा जाड होतो. वारा पाठीमागून आपल्याच वेगाने येत असेल तरी हेच होतं. पाय हलके पडतात, पण अंगाभोवतीची हवा जागच्या जागी राहते आणि जीव गुदमरतो.

मग पहाट बरी कशी? हवा २७ अंशांवर असते तेव्हा ३५ अंशांची कातडी घामाशिवायही थोडी उष्णता हवेला देऊ शकते, दुपारी ३३ अंशांना ती वाट जवळजवळ बंद होते. त्यात ऊन. मुंबईत १५ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. उभ्या माणसाचं डोकं आणि खांदेच तेवढे उन्हात येतात, हँडलवर वाकलेल्या सायकलस्वाराची सगळी पाठ येते.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं अजूनही ठामपणे सांगितलं जातं. खिशातला कांदा ना घाम वाळवतो ना सावली देतो. त्या भरवशावर कोणी दुपारी बाहेर पडू नये. चरबी 'वितळवण्यासाठी' प्लॅस्टिकचं जाकीट घालून धावणारे तर जिवाशी खेळतात. आतली हवा बाष्पाने भरली की फरक शून्य, आणि शरीर तापतच जातं. वजनकाट्यावर उतरलेला किलो पाण्याचा असतो, दोन तांब्यांत परत येतो. गरगरायला लागलं, बोलणं असंबद्ध झालं तर सावली, अंगावर पाणी, वारा, आणि थेट दवाखाना.

दुपार कादंबरीची. बसून वाचणाऱ्या माणसाची उष्णता १०० वॅटच्या आसपास असते. त्यातले सुमारे २० वॅट मेंदूचे, आणि कथानक कितीही रंगलं तरी त्यात नावापुरतीच वाढ होते. पंखा खोली थंड करत नाही. उलट त्याची मोटर खोलीत थोडी उष्णताच सोडते. तो फक्त तुमच्या अंगावरचा थर पातळ करतो, म्हणून खोलीतून उठताना बंद करावा. आणि वाचायला रेक्झिनचा सोफा टाळावा. पाठ आणि मांड्या त्याला चिकटतात तिथे वारा पोचतच नाही, दोन प्रकरणांत तेवढाच भाग चिंब होतो. वेताच्या खुर्चीच्या जाळीतून पंख्याची हवा पाठीलाही लागते.