केळ्यात सुई टोचून शिकायची भूल

24 ऑगस्ट 1898 रोजी जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या शल्यचिकित्सकांनी आपल्या सहाय्यकाकडून स्वतःच्याच पाठीत सुई टोचून घेतली. कण्यातल्या द्रवात कोकेनचे द्रावण सोडले की कमरेखालचे शरीर बधिर होते, हे त्यांनी 16 ऑगस्टला एका रुग्णावर पाहिले होते आणि आता त्यांना ते स्वतः अनुभवायचे होते. सुई नेमकी जागी पोचली, पण हाताशी असलेली पिचकारी तिच्यावर बसेना. तेवढ्यात कण्यातला द्रव आणि बरेचसे कोकेनही बाहेर सांडले. मग बिअर यांनी तोच प्रयोग सहाय्यक हिल्डेब्रांट यांच्यावर केला. तो इतका साधला की नडगीवर हातोडा मारूनही त्यांना दुखले नाही. बिअर यांचे डोके मात्र पुढे कित्येक दिवस ठणकत राहिले. पिचकारी सुईवर बसते की नाही, हे आधी एकदा जुळवून पाहिले असते तर निदान त्यांची सुई वाया गेली नसती.

रुग्णाला न झोपवता शरीराचा ठरावीक भागच बधिर करणे म्हणजे विभागीय भूल. सिझेरियन झालेली बाई ‘कमरेत इंजेक्शन दिले’ असे म्हणते तेव्हा ती बहुधा तिच्याविषयीच बोलत असते. या प्रकारांत शिकायला अवघड आहे ती एपिड्युरल. कातडी, तिच्याखालची चरबी, मणक्यांना जोडणारे दोन अस्थिबंध आणि शेवटी चिवट असा पिवळा अस्थिबंध ओलांडून सुई एका पोकळीत न्यायची असते. ही पोकळी जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या लगेच पलीकडे ड्यूरा हा पडदा असतो. एपिड्युरलच्या जाड सुईने तो फाटला तर द्रव पाझरतो आणि उठून बसले की वाढणारी, आडवे झाले की ओसरणारी डोकेदुखी मागे लागते. बिअर यांना झाला तो हाच त्रास.

पोकळी आली हे डोळ्यांना दिसत नाही, ते अंगठ्याला कळते. सुईला जोडलेल्या पिचकारीत सलाइन भरून दट्ट्यावर दाब ठेवायचा. सुईचे टोक अस्थिबंधात आहे तोवर दट्टा अडून राहतो आणि पोकळी लागताच तो एकदम सैल पडतो. शिकवण्यातली खरी अडचण इथेच आहे, कारण ही जाणीव ज्याच्या हातात पिचकारी आहे त्याच्याच अंगठ्याला होते. शेजारी उभे असलेले ज्येष्ठ भूलतज्ज्ञ कितीही अनुभवी असले तरी त्यांना ती होत नाही आणि शब्दांत सांगून ती दुसऱ्याच्या हातात उतरवताही येत नाही.

म्हणून 1989 मध्ये एका भूलशास्त्रविषयक नियतकालिकात केळे सुचवले गेले. केळ्यात सुई सरकवताना दट्ट्याला जाणवणारा अडथळा आणि तो एकाएकी सुटणे हे पाठीतल्या अनुभवाच्या बरेच जवळ जाते. ही निव्वळ गंमत नव्हती. पुढे टोरांटोत शिकाऊ डॉक्टरांच्या एका गटाने महागड्या एपिड्युरल सिम्युलेटरवर आणि दुसऱ्याने केळ्यावर सराव केला. त्यानंतर प्रत्यक्ष रुग्णांवरचे त्यांचे कौशल्य कित्येक महिने तपासले गेले आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. लाखो रुपयांचे मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीचा पुतळा, घेण्यासाठी निधीची वाट पाहत बसणाऱ्या महाविद्यालयांनी हा निष्कर्ष भिंतीवर लावावा, असे मला वाटते.

अर्थात, केळ्यावर हात बसला म्हणजे शिक्षण संपले असे नाही. 1996 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात निवासी डॉक्टरांचे यश 90 टक्क्यांपर्यंत पोचायला स्पायनलचे (बिअर यांच्यासारखे थेट कण्यातल्या द्रवात औषध सोडण्याचे) सुमारे 45 आणि एपिड्युरलचे सुमारे 60 प्रयत्न लागले होते. सरावाने एवढेच साधते की त्यातले पहिले, सर्वांत धांदरट प्रयत्न कोणाच्या पाठीवर होत नाहीत.

हातापायाच्या एकेका मज्जातंतूभोवती औषध सोडताना मात्र सोनोग्राफीमुळे वेगळेच कौशल्य लागते. मराठीत आपण शीर, स्नायुबंध आणि मज्जातंतू या तिन्हींना सर्रास ‘नस’ म्हणतो आणि पडद्यावर नवशिक्याची गतही तशीच होते. धमनी ठोके देते, शीर प्रोबने (अंगावर टेकवायच्या सोनोग्राफीच्या दांड्याने) दाबली की चपटी होते, मज्जातंतूचा छेद बहुधा मधाच्या पोळ्यासारखा दिसतो, पण स्नायुबंधही त्याच्याशी साधर्म्य दाखवून फसवतो. शिवाय ध्वनिलहरींचा पट्टा अतिशय पातळ असतो आणि सुई त्याच्या बाहेर गेली की पडद्यावरून नाहीशी होते. शिकाऊ डॉक्टरांच्या चित्रफिती तपासल्यावर आढळलेल्या सर्वांत नेहमीच्या चुका दोन होत्या: सुई दिसत नसतानाही ती पुढे ढकलणे आणि प्रोब नकळत हलणे. जेलचा गोळा, टोफू किंवा मांसाचा तुकडा वापरून या चुका मोडता येतात, कारण तिथे वीस वेळा चुकले तरी कोणाला दुखत नाही.

तिसरा सराव हातांचा नव्हे, प्रसंगाचा असतो. भुलीचे औषध चुकून रक्तात गेले तर ओठ बधिर होतात, कानात आवाज येतात, झटके येतात आणि हृदयही थांबू शकते. प्रसंग विरळा असल्यामुळे अनेक डॉक्टरांना तो शिकतानाच्या काळात दिसतही नाही. अशा वेळी 20 टक्के स्निग्ध द्रावण शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.5 मिलिलिटर या हिशेबाने शिरेतून द्यायचे असते, शिवाय हृदयाला चालना देणाऱ्या एपिनेफ्रिन या औषधाची मात्रा नेहमीपेक्षा बरीच कमी ठेवायची असते. हे परीक्षेत लिहिणे सोपे आहे. मॅनिकिनच्या मॉनिटरवरचे ठोके बिघडत असताना ती बाटली नेमक्या कोणत्या कपाटात आहे आणि ती आणायला कोणाला नाव घेऊन पाठवायचे, हे त्या खोलीत उभे राहूनच कळते.

केळे एक गोष्ट शिकवू शकत नाही. कळा येत असलेली बाई हलते, घाबरते आणि सुई मज्जातंतूला लागली तर ‘पायात करंट गेला’ म्हणून ओरडते. त्या क्षणी सुई थांबवावी लागते. यासाठी काही ठिकाणी खुर्चीवर खराखुरा माणूस बसवून त्याच्या पाठीला कृत्रिम कणा बांधतात. डॉक्टरची सुई फोममध्ये शिरत असते आणि समोरचा माणूस मध्येच विचारतो, ‘डॉक्टर, अजून किती वेळ?’ तेव्हा त्याला उत्तर द्यायचे असते आणि दट्ट्यावरचा अंगठा ढळूही द्यायचा नसतो.