खासगी जेटचा वैमानिक ‘कामगार’ नसतो, हा गैरसमज

खासगी जेट चालवणारा वैमानिक लाखांत पगार घेणारा अधिकारी असतो, त्यामुळे त्याला कामगार कायदा लागू होत नाही आणि युनियनही करता येत नाही, हा समज विडी आणि गिरणी कामगारांचे लढे पाहिलेल्या सोलापुरातही पक्का आहे. तो चुकीचा आहे.

औद्योगिक विवाद कायदा, 1947 मधील ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत कुशल आणि तांत्रिक काम करणाऱ्यांचा समावेश होता. दरमहा 10,000 रुपयांची वेतनमर्यादा होती ती केवळ पर्यवेक्षकांसाठी. कॅप्टन सहवैमानिकाला सूचना देतो, तरी त्याचे मुख्य काम विमान चालवणे हेच असते. थकीत वेतनाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी विमान कंपनीच्या वैमानिकांना कामगारच मानले, आणि माझ्या मते ते न्याय्यच झाले.

शिवाय वाद निव्वळ पगाराचा नसतो. सोलापूरच्या होटगी रोडवरील विमानतळावर एखादा पाहुणा उतरतो, त्याचा कार्यक्रम लांबतो आणि वैमानिक विमानापाशी ताटकळत राहतो. हा वेळ ड्युटीत धरला जातो का, पुढची सुट्टी नक्की मिळते का, हे प्रश्न थेट सुरक्षिततेशी जोडलेले आहेत.

अमेरिकेत नेटजेट्स या खासगी जेट कंपनीच्या वैमानिकांची स्वतंत्र युनियन आहे. मात्र तेथील 1926 चा रेल्वे कामगार कायदा 1936 पासून विमान कंपन्यांनाही लागू असल्याने, मध्यस्थीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वेतनकरारासाठी संप करता येत नाही.