शाहजोग ते सिंगल-यूज: कंपनीच्या पैशाला घातलेल्या अटींची पार्श्वभूमी

युरोपातलं एखादं मध्यम हॉटेल. पाहुण्याने खोली प्रवासाच्या वेबसाइटवरून घेतलेली आहे आणि पैसेही तिथेच भरलेत. हॉटेलला मात्र रोख आलेली नाही, बँकेतही काही जमा नाही. बुकिंगसोबत आलेत फक्त सोळा आकडे, एक मुदत आणि मागचे तीन आकडे. पाहुणा आला की रिसेप्शनवरच्या मुलीने ते मशीनवर हाताने टाकायचे. बुकिंग १८० युरोंचं. ती पार्किंगचे १२ मिळवून १९२ टाकते आणि मशीन म्हणतं, नाकारलं. आदल्या दिवशी टाकले असते तरी हेच झालं असतं, कारण ते आकडे चेक-इनच्या तारखेपासूनच चालतात. कार्ड खोटं नाही, खात्यात पैसेही आहेत. पण या पैशाला सांगून ठेवलंय की इतकेच, इथेच, या तारखेनंतरच आणि एकदाच.

याला व्हर्च्युअल कार्ड म्हणतात. नाव फसवं आहे, कारण त्यात कार्ड हा भाग सगळ्यात गौण. मुख्य वस्तू आहे ती अट. आणि पैशाला अट घालण्याची कला काही सिलिकॉन व्हॅलीत जन्मली नाही.

आपल्याकडच्या हुंडीची परिभाषा आठवून पाहा. दर्शनी म्हणजे दाखवताच पैसे, मुदती म्हणजे ठरलेल्या दिवसांनी. देखनहार आणली की आणणाऱ्याला पैसे मिळत. शाहजोगचे पैसे मात्र बाजारात पत असलेल्या सावकाराला, म्हणजे शाहालाच द्यायचे, वाटेत चोरीला गेली तर चोराच्या हाती कागदच राहील. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच. पैसे चुकते होऊन रद्द झालेल्या हुंडीला खोखा म्हणत आणि मूळ हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत म्हणजे पेठ, तीही हरवली तर परपेठ. म्हणजे कोणाला, कधी, कोणत्या अटीवर, किती वेळा आणि हरवल्यास काय, या सगळ्याला एकेक शब्द होता. पुढे चेक आला, त्याच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहिण्याची सवय लागली. तीही शाहजोगचीच भावकी.

कार्डाने हे सगळं विसरायला लावलं.

सुरुवातीला तसं नव्हतं. १९३६ मध्ये अमेरिकन विमान कंपन्यांनी एअर ट्रॅव्हल कार्ड काढलं. कंपनीचा माणूस ते दाखवून तिकीट घेई आणि बिल कंपनीला जाई. त्यावर तिकिटाशिवाय काही मिळतच नसे, त्यामुळे नियंत्रण कार्डाच्या जन्मातच होतं. (या योजनेचे कार्ड क्रमांक अजूनही १ ने सुरू होतात.) १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लब आला, १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकेने न मागताच सुमारे ६०,००० लोकांच्या घरी कार्डं पाठवून दिली. आता एकाच तुकड्यावर जेवण, कपडे, फ्रीज सगळं मिळू लागलं. कार्डाचं मोठेपण यातच होतं की ते कुठेही चालतं. कंपनीच्या हिशेबनिसाला मात्र नेमकी याचीच धास्ती असते.

शिवाय त्या काळी विचारायची सोयही नव्हती. दुकानदाराला एक ‘फ्लोअर लिमिट’ दिलेलं असे. त्याखालची रक्कम असेल तर चोरीच्या क्रमांकांची छापील यादी चाळायची आणि माल द्यायचा. वरची असेल तर फोन. १९७३ मध्ये पुढे व्हिसा झालेल्या संस्थेने संगणकावर चालणारी मंजुरीची व्यवस्था सुरू केली आणि मंजुरीचा प्रश्न काही सेकंदांत कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत जाऊ लागला. ‘ऑथरायझेशन’ या शब्दाचं वजन तिथून वाढलं. प्रत्येक खरेदीआधी कोणी तरी हो किंवा नाही म्हणणार असेल, तर ‘नाही’ म्हणण्याची कारणं वाढवता येतात. पुढची सगळी नियंत्रणं या एका फटीतून आत शिरली आहेत.

पहिलं मोठं कारण दुकानाचा धंदा. प्रत्येक दुकानाला चार आकडी मर्चंट कॅटेगरी कोड असतो, बोलण्यात एमसीसी. किराणा ५४११, पेट्रोलपंप ५५४१, एटीएममधून रोख ६०११, जुगार ७९९५. कार्ड कंपन्या हे आधीपासून वापरत होत्याच, २००३ मध्ये त्याचं आयएसओ १८२४५ हे मानक झालं. कंपनीने सांगायचं की आमच्या माणसाच्या कार्डावर ७९९५ आणि ६०११ बंद, संपलं. निदान वाटतं तसं. एमसीसी दुकानाचा असतो, वस्तूचा नव्हे. उपाहारगृह ५८१२ आणि मद्यगृह ५८१३. आता ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ अशी पाटी लावलेल्या आपल्याकडच्या जागेला कुठला आकडा द्यायचा, हे ज्याने ती नोंदणी केली त्याच्यावर. आत बसलेल्याने काय मागवलं हे त्या आकड्याला कधीच कळत नाही.

या नियंत्रणांची खरी प्रयोगशाळा ठरलं अमेरिकन सरकार. कारण अगदी सरकारी होतं: पन्नास डॉलरचं सामान घ्यायला जो खरेदी आदेश निघे, त्याच्या कागदांचा आणि सह्यांचा खर्च सामानापेक्षा जास्त. १९८९ मध्ये तिथल्या जीएसए या सरकारी खरेदी खात्याने सर्व खात्यांसाठी खरेदी कार्डाचा करार केला. १९९४ च्या कायद्याने २,५०० डॉलरपर्यंतची ‘मायक्रो-पर्चेस’ ही पायरी ठरवली, म्हणजे त्याखाली स्पर्धात्मक दर मागवायची गरज नाही. १९९८ च्या नोव्हेंबरात स्मार्टपे नावाने नवा करार सुरू झाला. आपल्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या १५४ व्या नियमाने २५,००० रुपयांपर्यंत कोटेशनशिवाय खरेदी करू दिली, त्यामागचा विचारही हाच. फक्त आपण तो कार्डाला न बांधता अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राला बांधला.

स्मार्टपेबरोबर एक आख्खी भाषा आली. ‘सिंगल परचेस लिमिट’ म्हणजे एका खरेदीची कमाल रक्कम. ‘सायकल लिमिट’ म्हणजे बिलाच्या महिन्याची. ‘स्प्लिट परचेस’ म्हणजे ४,००० ची वस्तू २,००० च्या दोन पावत्यांत घेऊन मर्यादा चुकवणं. यासाठी मराठी शब्द नसला तरी कुठल्याही कार्यालयात समजावून सांगावं लागणार नाही. आणि ‘ॲप्रूव्हिंग ऑफिशियल’, म्हणजे महिन्याच्या शेवटी न वाचता सही करणारा. हे मी टोमण्याने म्हणतोय, पण २००१ मध्ये अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षकांनी सॅन डिएगोच्या दोन नौदल कार्यालयांबद्दल साधारण हेच म्हटलं होतं. नियम होते, पण ते पाळले जातात का ते कोणी पाहत नव्हतं. २०१२ मध्ये कार्डांच्या गैरवापरासाठी वेगळा कायदा करावा लागला.

याच काळात ‘व्हेलॉसिटी’ हा शब्दही हिशेबात आला. भौतिकशास्त्राशी संबंध नाही. ठरावीक वेळेत कार्ड किती वेळा वापरलं, एवढाच अर्थ. चोरी पकडणाऱ्यांचा शब्द, तो नियंत्रण ठेवणाऱ्यांनी उचलला.

इंधन कार्डांनी आणखी एक भर घातली, तपशिलाची. साध्या व्यवहारात बँकेला तारीख, दुकान आणि रक्कम एवढंच कळतं, ही पहिली पातळी. दुसऱ्या पातळीत कर आणि ग्राहकाचा संदर्भ, आणि तिसरीत, म्हणजे ‘लेव्हल थ्री’त, ओळीओळीने माल: काय, किती, कोणत्या दराने. १९८३ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात सुरू झालेल्या राइट एक्स्प्रेससारख्या कंपन्यांचा धंदाच यावर उभा राहिला. पंपावर चालकाचा क्रमांक आणि गाडीचं किलोमीटर टाकल्याशिवाय इंधन नाही. आपल्याकडे भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, हिंदुस्तान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस ही त्याच जातीची कार्डं. ट्रकमालकाला ‘लेव्हल थ्री’ म्हणून विचारलं तर तो तोंडाकडे बघेल. डिझेलची चोरी कशी थांबवता म्हणून विचारा, मग तासभर बोलेल.

आता व्हर्च्युअल क्रमांक. इथवर कार्ड एक आणि अटी अनेक होत्या. नव्वदीच्या शेवटी डब्लिनमध्ये इयन फ्लिटक्रॉफ्ट आणि ग्रॅहम ओ’डॉनेल यांनी हे उलटं केलं: अटीगणिक नवा क्रमांक काढायचा. फ्लिटक्रॉफ्ट पेशाने नेत्रतज्ज्ञ, बँकवाला नव्हे, आणि बहुधा म्हणूनच त्याला सोळा आकडे पवित्र वाटले नसावेत. मागचं खरं खातं एकच. पुढे मात्र एका दुकानापुरता, एका रकमेपुरता, एका वेळेपुरता आकडा. ऑर्बिस्कॉम ही त्यांची कंपनी, ‘कंट्रोल्ड पेमेंट नंबर’ हा त्यांचा शब्द, आणि ‘व्हर्च्युअल कार्ड’पेक्षा तो कितीतरी प्रामाणिक आहे. २००० मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसनेही एकदाच चालणारे क्रमांक ग्राहकांना दिले आणि काही वर्षांत ते बंदही केले. सामान्य ग्राहकाला त्याची कटकट वाटे. सिनेमाचं तिकीट त्या क्रमांकावर काढलं आणि खिडकीवर ‘कार्ड दाखवा’ म्हटलं की दाखवणार काय?

कंपन्यांची गरज वेगळी होती. त्यांना चोरीपेक्षा हिशेब छळतो. बँकेच्या विवरणात एकाच कार्डावर चाळीस नोंदी येतात आणि बीआरएस, म्हणजे बँकेच्या विवरणाचा आपल्या वह्यांशी मेळ, करताना कुठली नोंद कुठल्या बिलाची हे शोधण्यात दिवस जातो. प्रत्येक बिलाला स्वतःचा क्रमांक दिला, तर क्रमांक हाच बिलाचा संदर्भ होतो आणि मिळवणी आपोआप होते. ‘एक्झॅक्ट मॅच’ म्हणजे रक्कम पैशापर्यंत जुळली तरच मंजुरी, ‘टॉलरन्स’ म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा. वर आलेल्या रिसेप्शनच्या मुलीचे १२ युरो या टॉलरन्सच्या बाहेर पडले होते. २००८ च्या अखेरीस मास्टरकार्डने ऑर्बिस्कॉम सुमारे १० कोटी डॉलरना घेतली आणि ‘इनकंट्रोल’ या नावाने तिचं तंत्र बँकांना दिलं.

यात पैसा कोण देतो हे पाहिल्याशिवाय पार्श्वभूमी पुरी होत नाही. कार्डाने पैसे घेणारा दुकानदार शुल्क भरतो. त्यातला ‘इंटरचेंज’ हा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. २०१५ मध्ये युरोपीय संघाने ग्राहकांच्या डेबिट कार्डांवर ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डांवर ०.३ टक्के असा इंटरचेंज बांधून दिला, पण कंपनी-कार्डांना त्यातून वगळलं. बँकांचं आणि नव्या कंपन्यांचं लक्ष या कार्डांकडे वळलं त्यात नवल नाही. ब्रेक्स, रॅम्प यांसारख्या अमेरिकन कंपन्या खर्चाचं सॉफ्टवेअर स्वस्तात किंवा फुकट देऊ शकल्या त्या मुख्यतः याच वाट्यावर. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतले दवाखाने: विमा कंपनी चेकऐवजी फॅक्सने सोळा आकडे पाठवते आणि ते वटवायला डॉक्टरलाच शुल्क बसतं. नियंत्रण पैसे देणाऱ्याचं आणि खर्च घेणाऱ्याचा, असा हा सौदा तिथे अनेकदा होतो.

भारतात ही गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. एचडीएफसीचं नेटसेफ, कोटकचं नेटकार्ड, स्टेट बँकेचं व्हर्च्युअल कार्ड असे प्रयोग आपल्याकडे झाले होते. रक्कम टाकून क्रमांक काढायचा, वापरायचा, उरलेले पैसे मूळ खात्यात परत. पण १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसरी ओळख सक्तीची केली, पुढे तिचं रूप ओटीपीचं झालं आणि एकदाच चालणाऱ्या क्रमांकाची धार गेली. एकदाच चालणारी गोष्ट आता प्रत्येक व्यवहारात होतीच. २०२० च्या जानेवारीतल्या परिपत्रकाने तर कार्ड ऑनलाइन, परदेशात किंवा मशीनला नुसतं टेकवून चालवायचं की नाही हे चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय प्रत्येक कार्डधारकाला दिली. जे अमेरिकेत कंपनीच्या वित्त विभागाला विकत घ्यावं लागे, ते इथे घरातल्या आजीच्या डेबिट कार्डावर फुकट आलं.

एक गोंधळ तेवढा सोडवायला हवा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना आपला कार्ड क्रमांक साठवता येत नाही, त्याजागी ‘टोकन’ असतं. टोकन म्हणजे व्हर्च्युअल कार्ड नव्हे. टोकन खऱ्या क्रमांकाचा मुखवटा आहे, मर्यादा मूळ कार्डाचीच. व्हर्च्युअल क्रमांकाला स्वतःची मर्यादा आणि मुदत असते.

शाहजोगची आठवण सगळ्यात जास्त होते ती फेब्रुवारी २०२४ च्या प्रकरणात. कार्ड न घेणाऱ्या पुरवठादारांनाही कंपन्यांच्या कार्डावरून पैसे पोचवायचे मार्ग निघाले होते: मधला एक जण कार्डाचे पैसे घेई आणि पुढे बँकेतून पाठवी. रिझर्व्ह बँकेने नाव न घेता एका कार्ड नेटवर्कची अशी व्यवस्था थांबवली. आक्षेप होता की मध्यस्थाच्या खात्यात मोठ्या रकमा साठतात, ते खातं त्यासाठी नेमलेलं नाही आणि पैसे पाठवणारा-घेणारा कोण याची माहिती पुरेशी नोंदली जात नाही. पुढच्याच महिन्यात सुधारलेल्या नियमांत व्यावसायिक क्रेडिट कार्डांच्या पैशाचा शेवटी वापर कशासाठी झाला यावर लक्ष ठेवायला बँकांना सांगितलं गेलं.

ओटीपीचा प्रश्न मात्र कार्यालयात रोज पडतो. कंपनीने मार्केटिंगच्या मुलीला जाहिरातींसाठी वेगळा क्रमांक दिला, महिन्याला २०,००० ची मर्यादा, एकच विक्रेता, सगळं चोख. ती पैसे भरते. ओटीपी जातो संचालकांच्या फोनवर, कारण खातं त्यांच्या नावावर. ते मीटिंगमध्ये. ती व्हॉट्सॲपवर लिहिते, ‘सर, ओटीपी प्लीज’, दहा मिनिटांनी सहा आकडे येतात, तोवर पानाची वेळ संपलेली असते.