पोट साफ झाल्याचं सुख खरं, विषाची गोष्ट खोटी

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात सोनामुखी, बाळहिरडा, त्रिफळा चूर्ण मागणारी गिऱ्हाइकं आजही भेटतात. ठरलेल्या दिवशी नातवंडांना धरून एरंडेल पाजणारी आजी मात्र आता फारशी दिसत नाही. तिच्या जागी 'आतड्यातलं साचलेलं विष बाहेर काढा' म्हणणाऱ्या पावडरी आल्या आहेत.

कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमधल्या इ.स.पू. 1550च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या वैद्यकाच्या ग्रंथात बस्तीचे, म्हणजे एनिमाचे उपाय आहेत. आपल्याकडे विरेचन (जुलाब देणं) आणि बस्ती पंचकर्मातच येतात. एकोणिसाव्या शतकात जंतूंमुळे रोग होतात हे कळल्यावर तिला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं वाटलं. आतड्यात सडणाऱ्या अन्नाचं विष रक्तात भिनतं, असं फ्रान्सचे डॉक्टर शार्ल बुशार मांडू लागले. लंडनचे नामांकित सर्जन आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठावर मोठं आतडंच कापून काढत.

मग 1919 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी साधा प्रश्न विचारला. कोठा जड झाला की डोकं दुखतं, अंग आंबतं. आणि शौचाला झालं की लगेच हुशारी येते. रक्तात विष भिनलं असतं, तर ते इतक्या चटकन कसं उतरलं असतं? 1922 मध्ये डोनाल्डसन यांनी काही निरोगी माणसांच्या गुदाशयात कापसाचे बोळे भरून पाहिले. तीच डोकेदुखी, तीच मरगळ! बोळे काढताच बरं वाटलं. कापसात कसलं आलंय विष? त्रास होता तो गुदाशय ताणला गेल्याचा, आणि तो मज्जातंतूंमार्फत जाणवत होता. इतकी सोपी आणि इतकी निर्णायक तपासणी वैद्यकात क्वचित सापडते.

म्हणजे हलकं वाटणं खरं, त्यामागचं कारण वेगळं. आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांचा मळ चिकटून राहत नाही. तिथलं अस्तर काही दिवसांतच नवं होतं. पावडर घेतल्यावर पडणारे लांबलचक, रबरासारखे तुकडे बहुधा तिच्यातल्याच इसबगोलाचे किंवा मातीचे असतात. पाण्यात फुगून ते आतड्याचा आकार घेतात.

सोनामुखीची गंमत पाहा. आतड्यातले जिवाणू तिच्यातली द्रव्यं फोडतात, तेव्हा कुठे ती काम करते. कधीमधी घेतली तर ठीक. महिनोन्‌महिने घेतली तर आतड्याचं अस्तर काळपट होऊ शकतं, आणि जुलाब होत राहिले तर शरीरातलं पोटॅशियम घटतं. यंत्राने आतडं धुणं त्याहून धोक्याचं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका क्लिनिकमध्ये 1978 ते 1980 या काळात अशा धुण्यातून किमान 36 जणांना अमीबाची लागण झाली. त्यांतल्या 10 जणांचं मोठं आतडं काढावं लागलं आणि त्या दहांपैकी 6 जण दगावले.

रोजचं कुंथणं असेल, तर पालेभाजी, फळं, कडधान्यं, पाणी आणि चालणं यांनी पुष्कळदा भागतं. इसबगोलही चालतो, मात्र भरपूर पाण्याबरोबर. पण शौचातून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाची वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलली असेल, तर चूर्णावर महिने काढू नयेत, तपासणी करून घ्यावी. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचीही सुरुवात अशीच होऊ शकते, आणि तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप वाढते.