व्हायकिंग्जना दृष्ट लागलीच नव्हती

उणे १, उणे ३ आणि उणे १८. मिनेसोटा व्हायकिंग्ज या अमेरिकन फुटबॉल संघाने २०२१, २०२२ आणि २०२३ या हंगामांत केलेल्या एकूण गुणांमधून समोरच्यांना करू दिलेले गुण वजा केले, की हे आकडे मिळतात. हंगामात सामने सतरा. म्हणजे तिन्ही वर्षं संघ जेमतेम बरोबरीचा, किंचित उण्याच बाजूला. आता निकाल पाहा. २०२१ मध्ये ८ विजय, ९ पराभव. २०२२ मध्ये १३ विजय, ४ पराभव. २०२३ मध्ये ७ विजय, १० पराभव. पहिल्या हंगामानंतर आठ वर्षं प्रशिक्षक असलेल्या माइक झिमर यांना घरी पाठवण्यात आलं. दुसऱ्यात नवे प्रशिक्षक केविन ओ'कॉनेल यांचा उदोउदो झाला. तिसऱ्यात चाहते कपाळाला हात लावून बसले : तेरा सामने जिंकणाऱ्या संघाला अचानक झालं काय?

माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या वर्षाबद्दल विचारला जातो. २०२३ मध्ये विशेष काही बिघडलं नाही. नवलाचं वर्ष होतं ते २०२२.

थोडे नियम सांगतो. हा फुटबॉल मुख्यतः हाताने खेळतात. लांबट चेंडू घेऊन धावायचं किंवा तो साथीदाराकडे फेकायचा. चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याला ६ गुण आणि त्यावर १ किंवा २ जादा. चेंडू लाथ मारून दोन उभ्या खांबांमधून पाठवला तर फील्ड गोल, त्याचे ३. एका चढाईत जास्तीत जास्त ८ गुण मिळत असल्याने आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेला सामना अटीतटीचा धरतात.

२०२२ च्या नियमित हंगामात व्हायकिंग्जचे असे अकरा सामने झाले आणि अकराही त्यांनी जिंकले. या अकरा विजयांमधला फरक सगळा मिळून ५४ गुणांचा, सामन्यामागे पाचही नाही. उलट जे चार सामने हरले त्यांत ते एकूण ८९ गुणांनी मागे होते. डॅलसने तर त्यांना घरच्या मैदानावर ४०-३ असं धुतलं. हरायचं तेव्हा दणकून आणि जिंकायचं तेव्हा काठावर, असा तो हंगाम होता. डिसेंबरमध्ये इंडियानापोलिसविरुद्ध मध्यंतराला ०-३३ असे मागे असताना त्यांनी सामना ३९-३६ असा काढला. लीगच्या इतिहासात इतकी मोठी पिछाडी कोणीच भरून काढली नव्हती.

काठावरचे सामने कशावर फिरतात ते पाहायचं तर ६१ यार्डांच्या, म्हणजे सुमारे ५६ मीटरच्या, तीन लाथा पुरेत. ऑक्टोबर २०२२, लंडन : न्यू ऑर्लिन्सच्या विल लट्झने बरोबरी साधण्यासाठी ६१ यार्डांवरून मारलेला चेंडू आधी खांबावर, मग आडव्या दांडीवर आपटून बाहेर पडला. व्हायकिंग्ज २८-२५ ने जिंकले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला व्हायकिंग्जच्या ग्रेग जोसेफने शेवटच्या क्षणी ६१ यार्डांवरूनच गोल मारून न्यूयॉर्क जायंट्सना २७-२४ हरवलं. सप्टेंबर २०२३, फिलाडेल्फिया : व्हायकिंग्जच्या जस्टिन जेफरसनच्या हातून चेंडू गोलरेषेच्या तोंडाशी निसटून रेषेपलीकडच्या पट्ट्यातून (एंड झोन) बाहेर गेला, नियमाप्रमाणे फिलाडेल्फियाला मिळाला, आणि मध्यंतर होता होता त्यांच्या जेक एलियटने फील्ड गोल ठोकला. अंतर, ६१ यार्ड. तो सामना व्हायकिंग्ज सहा गुणांनी हरले. पहिल्या दोन लाथांमध्ये संघाची जिगर आणि तिसरीत ढिलाई दिसत असेल, तर बघणाऱ्याने निकाल आधी वाचलेला आहे.

आता माझा आवडता भाग. समजा, लीगमधले ३२ही संघ तंतोतंत सारखे आहेत आणि प्रत्येक सामना नाणेफेकीने ठरतो. सतरा फेकींत सरासरी साडेआठ विजय. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरतात ते माप, १७ ला ४ ने भागून वर्गमूळ, सुमारे २.०६. म्हणून साधारण दोन तृतीयांश संघ ७ ते १० विजयांच्या पट्ट्यात पडतील. तेरा किंवा जास्त विजयांची संभाव्यता २.४५ टक्के. छोटी वाटते ना? तिला ३२ ने गुणा : ०.७८. म्हणजे ज्या लीगमध्ये कोणीच कोणापेक्षा सरस नाही, तिथेही पाच वर्षांत सरासरी चार वेळा एखादा संघ तेरा विजयांपर्यंत पोहोचेल, आणि त्या प्रत्येक वेळी त्याच्या प्रशिक्षकाच्या मुलाखती छापून येतील.

खऱ्या लीगमध्ये संघ सारखे नसतात, हे उघड आहे. निकाल म्हणजे कुवत अधिक योगायोग. कुवत पुढच्या वर्षी बरीचशी टिकते, योगायोग मात्र दरवर्षी नव्याने वाटला जातो. आता बत्तीसांतून सर्वांत वरचे संघ निवडा. ते वर का आहेत? काही कुवतीमुळे आणि काही योगायोग त्यांच्या बाजूने पडला म्हणून. वरच्यांची निवड करताना आपण नकळत नशीबवानांचीही निवड करत असतो. पुढच्या वर्षी त्यांच्या वाट्याचा योगायोग सरासरीने शून्यावर येतो आणि गट खाली सरकतो. हेच रिग्रेशन टू द मीन, सरासरीकडे परतणं.

फ्रान्सिस गॉल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं यांच्या उंचीवरून हे मांडलं. उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नाही. इथवर वाटतं, निसर्गात काहीतरी खाली ओढणारं बळ असावं. पण तीच आकडेवारी उलटी वाचा. उंच मुलं आधी निवडा आणि मग त्यांच्या आईवडिलांकडे पाहा : तेही सरासरीने मुलांपेक्षा बुटके! बळ भूतकाळाकडे तर ओढू शकत नाही. म्हणून इथे बळ वगैरे काही नाही, टोकाची निवड केल्याचा तो परिणाम आहे. व्हायकिंग्जच्या रांगेकडे पुन्हा पाहा : ८, १३, ७. मधल्या टोकावरून पुढे गेलात तरी उतार, मागे गेलात तरी उतार.

विजयांच्या आकड्यातला योगायोग थोडा गाळायचा एक मार्ग आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांनी बेसबॉलसाठी दाखवला. विजयांऐवजी गुण बघायचे. केलेल्या आणि दिलेल्या गुणांचं गुणोत्तर एका घातांकाला चढवायचं, अमेरिकन फुटबॉलसाठी २.३७ वापरतात, आणि आलेल्या संख्येला तिच्याहून एकने मोठ्या संख्येने भागायचं. २०२२ : ४२४ भागिले ४२७, घात २.३७, उत्तर ०.९८३, त्यावरून विजयांचं प्रमाण ०.४९६, सतरा सामन्यांत ८.४. २०२३ : ३४४ भागिले ३६२, प्रमाण ०.४७०, विजय ८.०. सूत्राच्या नजरेला दोन हंगामांत अर्ध्या विजयाचाही फरक नाही. प्रत्यक्षात तो सहाचा होता. अटीतटीचे सामने २०२३ मध्ये चौदा झाले; ६ जिंकले, ८ हरले.

अमेरिकेत 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठाचा शाप प्रसिद्ध आहे. १९५४ च्या पहिल्या अंकावर बेसबॉलपटू एडी मॅथ्यूज झळकला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या हाताला दुखापत झाली, तेव्हापासूनची ही दंतकथा. मुखपृष्ठावर माणूस येतो तो कामगिरीच्या शिखरावर असताना. तिथून बहुतेक वाटा खालीच जातात. आपल्याकडे याला दृष्ट लागली म्हणतात आणि लिंबू-मिरची बांधतात. उतार ठरलेलाच होता, लिंबाचे पैसे तेवढे वाया. टीव्हीवर 'जिंकण्याची सवय' विकणारे विश्लेषक हाच माल इस्त्रीच्या कोटात विकतात.

सगळंच योगायोगाच्या खात्यावर टाकणंही बरोबर नाही. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, कर्क कझिन्सच्या टाचेमागचा स्नायुबंध फाटला. त्या दिवसापर्यंत संघ ४-४ होता आणि गुणांत १३ ने पुढे. उरलेल्या नऊ सामन्यांत ३ विजय आणि गुणांत ३१ ने मागे. हंगामात चार वेगवेगळ्या क्वार्टरबॅकनी सुरुवात केली. लास व्हेगासमध्ये एक सामना चक्क ३-० असा जिंकला, एवढं आक्रमण आटलं होतं. पण ४-४ हा आकडा दुखापतीआधीचा आहे. अकराच्या अकरा जिंकण्याची किमया कझिन्स धडधाकट असतानाच ओसरली होती. पहिल्या पाचांतले चार सामने ते आठच्या आतल्या फरकाने हरले होते. शिवाय नवे बचाव-प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस आल्यावर दिलेले गुण ४२७ वरून ३६२ वर उतरले. 'निराशाजनक' हंगामातली ही खरी सुधारणा विजयांच्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अडचणीचं वर्ष २०२४. ओ'कॉनेल यांचा संघ १४-३, अटीतटीच्या दहा सामन्यांत नऊ विजय. तीन वर्षांतल्या अटीतटीच्या सामन्यांची बेरीज २६ विजय, ९ पराभव. हे नाण्याचं काम वाटत नाही. मात्र २०२४ मध्ये संघ गुणांतही १०० ने पुढे होता, आणि चांगला संघ अटीतटीचे सामनेही निम्म्याहून थोडे जास्त जिंकणारच. दुसरं म्हणजे, आपण व्हायकिंग्जबद्दल बोलायला लागलो तेच त्या ११-० मुळे. ज्या आकड्याने शंका निर्माण केली तोच आकडा पुरावा म्हणून पुन्हा मोजता येत नाही. तो काढला की १५ विजय, ९ पराभव उरतात, आणि चोवीस फेकींत पंधरा किंवा जास्त वेळा छाप पडण्याची संभाव्यता सुमारे १५ टक्के आहे. एवढ्यावरून प्रशिक्षकाच्या अंगी काठावर जिंकण्याची खास कला आहे असं मी तरी मान्य करणार नाही. नाही म्हणायलाही चोवीस सामने अपुरेच आहेत.